मचाण किती उंच असावें?



शिकारीचा आणि या माणसाचा संबंध काय, असें तुमच्यापैकीं कांहींजण मनांत म्हणतील. आणि तें म्हणणें रास्तच होईल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. बंदूक मीं कधीं हातीं धरली नाहीं. धरला तो खडू, आणि त्या खडूनें पुष्कळ वर्षें फळ्यावर त्रिकोण काढले. अशा माणसानें हरणाच्या शिकारीवर बोलण्याचें धाडस करावें, याला निमित्त झालें तें एका पत्राचें.

माझा एक पुतण्या नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत स्थायिक झाला आहे. तेथें झाडांचीं पानें पिवळीं पडूं लागलीं कीं गांवोगांवीं हरणांच्या शिकारीची सिद्धता सुरू होते. शेजाऱ्यांच्या संगतीनें त्यालाही तो नाद लागला. शिकाऱ्यांसाठीं असलेला शिक्षणवर्ग पुरा करून आणि रीतसर परवाना काढून तो धनुष्यबाण घेऊन रानांत जाऊं लागला. पहिल्या वर्षीं त्यानें झाडावर १२ फुटांवर मचाण बांधलें. एक हरिणी आली, तिनें मान वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, आणि पांढरें शेपूट उभारून ती दिसेनाशी झाली. शेजारी म्हणाला, "आणखी वर चढ." दुसऱ्या वर्षीं त्यानें मचाण २७ फुटांवर नेलें. या खेपेस त्याला कोणींच पाहिलें नाहीं. एक हरिण झाडापासून अवघ्या १० यार्डांवर येऊन उभें राहिलें. त्यानें बाण सोडला, आणि तो लागलाही. पण हरिण पळालें. विजेरी घेऊन त्यानें मध्यरात्रीपर्यंत रक्ताच्या थेंबांचा माग काढला. एका दलदलीपाशीं तो माग संपला. दुसरा सबंध दिवस शोधण्यांत गेला. हरिण मिळालें नाहीं.

त्यानें मला लिहिलें, "काका, नेम चुकला असता तर मला वाईट वाटलें नसतें. तो लागला याचेंच वाईट वाटतें. त्रिकोण तुम्हींच शिकविलात. आतां तुम्हींच सांगा, मचाण किती उंच असावें?"

उत्तर देण्यापूर्वीं दोन गोष्टी स्पष्ट करणें अवश्य आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें चितळ, सांबर, भेकर, काळवीट या सर्वांच्या शिकारीस बंदी आहे; तेव्हां हें भाषण ऐकून कोणीं दोर आणि फळ्या शोधूं नयेत. दुसरी गोष्ट अमेरिकेची. तेथील हें हरिण पांढऱ्या शेपटीचें हरिण म्हणून प्रसिद्ध आहे. बेसुमार शिकार, मांसाचा व कातड्यांचा व्यापार आणि जंगलतोड यांमुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांची संख्या कांहीं लाखांवर आली होती असें मानतात. पुढें १९०० सालच्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या जनावरांच्या राज्याराज्यांतील व्यापारास आळा घातला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका आणि काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळविलें. निरनिराळ्या राज्यांनीं हंगाम, परवाने आणि संख्येच्या मर्यादा ठरवून दिल्या. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरांत असल्याचा अंदाज आहे. लांडगे आणि प्यूमा बहुतेक प्रदेशांतून नाहींसे झाल्यामुळें ही संख्या आवरण्याचें काम मुख्यतः शिकाऱ्यांवर येऊन पडलें आहे. विस्कॉन्सिनमध्यें धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतो, आणि बंदुकीचा नऊ दिवसांचा प्रसिद्ध हंगाम नोव्हेंबरांतील थँक्सगिव्हिंग सणाच्या आधींच्या शनिवारीं. शिकार असावी कीं नसावी, हा वाद मी आज घेत नाहीं. जेथें ती कायद्यानें चालते, तेथें करणाऱ्यानें ती कशी करावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मचाण ही वस्तु आपल्याला नवी नाहीं. आपला शेतकरी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं शेतांत माळा बांधतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्यासाठीं आपल्या अभयारण्यांत माणसें मचाणांवर बसतात. अमेरिकेंत या वस्तूला ट्रीस्टँड म्हणतात. झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानें आवळलेली धातूची चौकट, बसावयास लहानशी बैठक, पाय ठेवावयास फळी आणि वर जावयास शिडी, एवढाच तिचा संसार. हंगाम संपला कीं ती सोडवून घरीं नेतां येते.

आतां, माणूस झाडावर चढतो तो कशासाठीं? तर हरणाच्या डोळ्यांपासून आणि नाकापासून लपण्यासाठीं. त्यांपैकीं डोळ्यांचा विचार आधीं करूं. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां त्याला सुमारें ३०० अंशांचा परिसर दिसतो. लाल आणि नारिंगी रंग त्याला नीट ओळखूं येत नाहींत. म्हणूनच बंदुकीच्या हंगामांत झगझगीत नारिंगी पोशाख घातला तरी तो शिकारी दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो, हरणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. पण हालचाल? ती त्याच्या डोळ्यांतून सुटत नाहीं. त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शत्रु बहुतेक जमिनीवरून येणारे. म्हणून त्याचें लक्ष विशेषेंकरून जमिनीच्या पातळीवर असतें, आणि त्या पातळीच्या वर निश्चल बसलेला माणूस पुष्कळदां त्याच्या ध्यानांत येत नाहीं. हरिण वर पाहतच नाहीं, ही मात्र भोळी समजूत आहे. माझ्या पुतण्याच्या हरिणीनें ती पहिल्याच वर्षीं खोटी ठरविली.

पण त्या हरिणीला तो कां दिसला? १२ फूट उंची कमी पडली, हें शेजाऱ्याचें उत्तर. मीं त्याला उलट विचारलें, "तुझ्या पाठीमागें काय होतें?" पाठीमागें कांहींच नव्हतें. झाड सरळसोट, फांद्या वर, आणि मागें उघडें आकाश. पांढऱ्या भिंतीवर काळी छत्री टांगावी तसा तो त्या आकाशावर उमटला असला पाहिजे. अशा झाडावर वर चढण्यानें दोष जात नाहीं. कित्येकदां वाढतो, कारण जसजसें वर जावें तसतसा बुंधा बारीक होतो आणि आकाश मोठें होतें. उलट, दोन-तीन बुंधे एकत्र वाढलेले असावेत, पाठीशीं जाड फांद्या असाव्यात, शेजारीं एखादें सदाहरित झाड असावें, म्हणजे १४-१५ फुटांवरही माणूस झाडाचाच एक भाग होऊन जातो. ऋतूचाही विचार हवा. ऑक्टोबरच्या आरंभीं पानांआड सुरक्षित वाटलेली जागा नोव्हेंबरांत पानें गळल्यावर उघडी पडते. म्हणून उंची निवडण्यापूर्वीं झाड निवडावें, आणि तें पानगळ झाल्यावर कसें दिसेल हें मनांत आणून निवडावें.

नाकाची गोष्ट याहून कठीण. हरणाचें घ्राणेंद्रिय इतकें तीक्ष्ण असतें कीं, डोळ्यांनीं पाहिल्यावर तें क्षणभर विचार करील, पण माणसाचा वास आल्यावर करणार नाहीं. उंच बसलें कीं वास वरच्यावर निघून जातो, असें शिकारी म्हणतात. त्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. सकाळीं ऊन चढूं लागलें म्हणजे जमिनीजवळची हवा तापून वर जाते आणि आपल्याबरोबर वासही वर नेते. संध्याकाळीं जमीन निवाली कीं थंड, जड झालेली हवा उतारानें खालीं वाहूं लागते. मग मचाण २० फुटांवर असो कीं ३० फुटांवर, टेकडीवर बसलेल्या माणसाचा वास खालच्या घळींत हळूहळू उतरतोच. वारा जर आपल्याकडून हरणाच्या वाटेकडे वाहत असेल, तर त्या दिवशीं त्या झाडावर न चढणें हाच एक उपाय आहे. वाऱ्याची चूक उंचीनें भरून निघत नाहीं.

येथपर्यंत डोळे आणि नाक झालें. आतां माझा विषय येतो. रेडिओवर फळा नाहीं. म्हणून ज्यांच्या हाताशीं कागद-पेन्सिल असेल त्यांनीं एक काटकोन त्रिकोण काढावा. उभी बाजू म्हणजे हरणाच्या छातीपासून बाणापर्यंतची उंची, आडवी बाजू म्हणजे झाडापासून हरणापर्यंतचें अंतर, आणि कर्ण म्हणजे बाणाची वाट. मचाणाची फळी १७ फुटांवर आहे असें समजा. शिकारी उभा राहून नेम धरतो, तेव्हां बाण फळीच्या सुमारें ५ फूट वर असतो; हरणाच्या छातीचा मध्य जमिनीपासून सुमारें २ फूट वर असतो. म्हणजे फळीच्या उंचींत ३ फूट मिळवावे. १७ चे झाले २०, आणि २७ चे झाले ३०.

सत्तावीस फुटांवरच्या मचाणापासून १० यार्डांवर, म्हणजे ३० फुटांवर, हरिण उभें आहे. उभी बाजू ३०, आडवी बाजू ३०. दोन बाजू समान झाल्या. कोन ४५ अंशांचा. याचा अर्थ असा कीं, बाण हरणाच्या शरीरांत जितका आडवा जाईल तितकाच खालीं उतरेल. छाती १० इंच रुंद धरली, तर एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे जाईपर्यंत तो १० इंच खालीं येतो. जमिनीवर उभें राहून नेम धरतात तसा नेम कुशीच्या मध्यावर धरला, तर तो अलीकडचें फुफ्फुस भेदून पोटाच्या बाजूनें खालीं निघतो. पलीकडच्या फुफ्फुसाला शिवतही नाहीं. आणि वर कण्याजवळ नेम धरावा, तर इंचाची चूकही महाग पडते, कारण तेथें हाड आहे.

बाण हा बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्यानें मारीत नाहीं. तो रक्तस्रावानें मारतो. दोन्ही फुफ्फुसें भेदलीं गेलीं तर हरिण थोड्याच क्षणांत पडतें आणि बहुधा दृष्टीच्या टप्प्यांतच मिळतें. एकच भेदलें गेलें, तर दुसऱ्याच्या बळावर तें फार लांब जातें, आणि पुष्कळदां शिकाऱ्याला मिळत नाहीं. माझ्या पुतण्याचा हात चुकला नव्हता; त्याचा त्रिकोण चुकला होता. २७ फूट चढून त्यानें जी अदृश्यता मिळविली, तिचें मोल त्या हरणानें दिलें.

आतां तोच हिशेब १७ फुटांवर करूं. उभी बाजू २०. हरिण २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर. उभ्या बाजूस आडवी बाजू तिप्पट. कोन सुमारें १८ अंशांचा. दहा इंचांच्या छातींतून जातांना बाण फक्त सव्वातीन-साडेतीन इंच उतरतो, आणि नेम मध्याच्या किंचित् वर धरला कीं दोन्ही फुफ्फुसें त्याच्या वाटेवर येतात. यावरून मीं एक मास्तरी नियम बसविला आहे: *आडवें अंतर उभ्या बाजूच्या तिप्पट असावें, दुपटीहून कमी झाल्यास बाण सोडूं नये.* १२ फुटांच्या मचाणास उभी बाजू १५, म्हणून हरणाची वाट ४५ फुटांवर, म्हणजे १५ यार्डांवर हवी. १७ फुटांच्या मचाणास २० यार्ड. आणि २७ फुटांच्या मचाणास? ९० फूट, म्हणजे ३० यार्ड. इतक्या अंतरावर ज्याचा हात खात्रीचा असेल त्यानें खुशाल २७ फूट चढावें. ज्याचा नसेल त्यानें खालीं उतरावें. उंची ही झाडावर मोजावयाची वस्तु नसून हरणाच्या वाटेपासूनच्या अंतराबरोबर मोजावयाची आहे.

उतारावर तर हा हिशेब आणखी बदलतो. तीन फुटांस एक फूट चढ असलेल्या टेकडीवर १७ फुटांचें मचाण बांधलें आहे. चढाच्या बाजूनें ६० फुटांवर आलेलें हरिण झाडाच्या पायथ्याहून २० फूट उंच जमिनीवर उभें असतें. म्हणजे त्याचे खूर शिकाऱ्याच्या पायांखालच्या फळीपेक्षांही वर! मग तें त्याला समोरासमोर पाहील यांत नवल काय? उताराच्या बाजूनें तितक्याच अंतरावर आलेलें हरिण २० फूट खालीं असतें. उभी बाजू ४० होते आणि कोन ३४ अंशांच्या जवळ जातो. झाड तेंच, मचाण तेंच, फळीची उंची तीच. एका बाजूस ती शून्याहून कमी आणि दुसऱ्या बाजूस दुप्पट. म्हणून फीत बुंध्याला लावून थांबूं नये. हरिण जेथून येणार त्या वाटेवर उभें राहून मचाणाकडे पाहावें.

बंदुकीच्या शिकारींत कोनाचा जाच इतका नाहीं. तेथें हरिण बहुधा दूर असतें. १०० यार्डांवर, म्हणजे ३०० फुटांवर, २० फुटांची उभी बाजू पंधराव्या हिश्श्याइतकीच भरते. तेथें १० ते १५ फूट पुष्कळ झाले. उंचीचा एक मोठा लाभ मात्र तेथें आहे: वरून मारलेली गोळी हरणामागच्या जमिनींत जाऊन रुतते, दूरवरच्या शेताकडे किंवा घराकडे जात नाहीं. हा लाभ थोड्या उंचीनेंही मिळतो.

आतां शेवटचा प्रश्न, आणि तो माझ्या सूनबाईंनीं पत्राच्या तळाशीं एका ओळींत विचारला होता: "काका, यांना पडण्याची भीति वाटत नाहीं, तुम्हीं घालाल का?" भीति घालणें हें मास्तराचें जुनें काम, तेंही गणितानेंच करूं. १७ फुटांवरून पडलेला माणूस जमिनीवर ताशी सुमारें ३६ किलोमीटर वेगानें आदळतो. २७ फुटांवरून ताशी सुमारें ४६. पडावयास लागणारा वेळ पहिल्या वेळीं एक सेकंद, दुसऱ्या वेळीं सव्वा सेकंदाहून थोडा अधिक. फांदी धरीन असें म्हणावयासही तो पुरत नाहीं. पण १२ फुटांवरून पडणाऱ्याचा वेगही ताशी ३० किलोमीटर असतो, हें विसरूं नये. कमी उंची म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. एका सेकंदांत मोडलेला कणा जन्मभर मोडलेलाच राहतो.

म्हणून छाती आणि मांड्या यांना जखडणारा संपूर्ण अंगाचा पट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात, तो जमिनीवर असतांनाच घालावा, आणि झाडावर वरपासून खालपर्यंत सोडलेल्या दोराला पहिल्या पायरीपासूनच अडकवावा. पुष्कळ अपघात बसलेले असतांना होत नाहींत. चढतांना, उतरतांना आणि शिडीवरून फळीवर पाऊल टाकतांना होतात. दोन हात व दोन पाय यांपैकीं तीन नेहमीं पक्क्या आधारावर असावेत. मचाणावर बसल्यावर पट्ट्याचा दोर डोक्याच्या वर असा बांधावा कीं बसल्या जागीं त्याला ढील राहूं नये. पट्ट्यावर लोंबकळत राहणेंही धोक्याचें आहे, कारण पायांत रक्त सांकळतें. त्यासाठीं पाय अडकवून उभें राहतां येईल असा एक फांस खिशांत ठेवावा. शस्त्र हातांत घेऊन चढूं नये. तें खालीं ठेवून दोरीनें वर ओढावें, आणि बंदूक असल्यास ती रिकामी असावी. वाळलेलें, किडलेलें झाड घेऊं नये. गेल्या वर्षीचे पट्टे या वर्षीं तपासल्याशिवाय वापरूं नयेत. उन्हापावसानें ते कुजतात आणि झाड आंतून वाढून त्यांना ताणतें. आणि कोणत्या झाडावर बसणार व केव्हां परतणार, हें घरीं सांगून जावें.

एवढें सगळें मांडून मीं पुतण्याला जें उत्तर लिहिलें तें असें: सपाट जमिनीवर धनुष्यासाठीं मचाण १५ ते २० फुटांच्या दरम्यान असावें, त्यांतल्या त्यांत जेथें पाठीशीं आडोसा आहे तेथें पंधराकडे झुकावें. वीसच्या वर जाण्यास कारण हवें, आणि कारण असल्यास जितकें वर जावें त्या मानानें हरणाच्या वाटेपासून दूर सरावें. ज्या उंचीवर हात थरथरतो, ती उंची आपली नव्हे, मग शेजारी कांहींही म्हणो. लपण्यास पुरेल इतकें चढावें, आणि त्याहून एक फूटही अधिक चढूं नये. कारण त्या जादा फुटाची किंमत कधीं हरिण देतें, कधीं आपण देतों.

गेल्या नोव्हेंबरांत त्याचें उत्तर आलें. जुनें झाड सोडून त्यानें दोन बुंध्यांचा एक ओक निवडला होता, फळी १७ फुटांवर बांधली होती, आणि हरणांची वाट तेथून २० यार्डांवर होती. तीन संध्याकाळ कांहीं आलें नाहीं. चवथ्या दिवशीं एक मोठें हरिण वाट सोडून सरळ झाडाखालींच आलें; बुंध्यापासून पांच यार्डांवर उभें राहून ओकचीं फळें खाऊं लागलें. त्याला वरचा माणूस दिसला नाहीं, वास आला नाहीं. पुतण्यानें धनुष्य अर्धें उचललें होतें.

त्यानें लिहिलें होतें, "काका, उभी बाजू २० आणि आडवी १५. त्रिकोण फार उभा होता. मीं धनुष्य खालीं ठेवलें. अंधार पडेपर्यंत तें खात होतें, आणि मी पाहत होतों."

तीस-पस्तीस वर्षें मीं मुलांच्या वह्यांवर लाल शाईनें गुण दिले. त्या पत्रावर गुण देण्याचा मोह मला आवरला नाहीं. मीं त्याच्या कोपऱ्यांत दहापैकीं दहा लिहिले आणि तें पत्र जपून ठेवलें आहे.